मदत हवी आहे: नेटशिवाय वर्गात काय चालतं?

नमस्कार मंडळी, मी बडोद्यात गुजराती माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला गणित आणि विज्ञान शिकवते. वर्गात प्रोजेक्टर आहे, लॅबमध्ये जुने संगणक आहेत, पण नेटचा भरवसा नाही.

कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' सिम्युलेशन्स (पडद्यावर करून बघायचे प्रयोग) घरी डाउनलोड करून पेनड्राइव्हवर नेते. ती फुकट आहेत आणि नेटशिवाय ब्राउझरमध्ये उघडतात. ओहमचा नियम शिकवताना पडद्यावर बॅटरी, बल्ब, तारा जोडल्या की एरवी गप्प बसणारी मुलंही "दुसरा बल्ब समांतर लावला तर?" असं विचारतात. मला हेच हवं आहे! भूमितीला जिओजेब्रा हे आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर आहेच.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, 'कोलिब्री' हे नेटशिवाय चालणारं सॉफ्टवेअर कुणी शाळेत बसवलंय का? एका संगणकावर धडे साठवायचे आणि मुलांनी स्थानिक वायफायवरून उघडायचे, ही कल्पना मला फार आवडली. पण साध्या राउटरवर अख्खा वर्ग जोडला तर व्हिडिओ अडकतात का? दुसरं, 'प्लिकर्स'. प्रश्नाचं उत्तर द्यायला मुलं छापील कार्ड वर धरतात, शिक्षक फोनने स्कॅन करतात. मागच्या बाकांवरची कार्डं नीट वाचली जातात का?

महागडी ॲप्स कृपया सुचवू नका, पालकांना परवडणार नाहीत. इंदूर-ग्वाल्हेरच्या शिक्षकांनीही अनुभव जरूर लिहावा.