पाडव्याच्या संध्याकाळचा प्रकाश आणि कुरडया

२ एप्रिल २०२२

ए-४०२ (काकू), रात्री ८.१०
पाडव्याच्या शुभेच्छा सकाळीच दिल्या असल्याने थेट विषयावर येते. पावणेआठच्या सुमारास आकाशात प्रकाश दिसला म्हणून निम्मी सोसायटी गच्चीवर धावली आणि माझ्या कुरडया तुडवल्या गेल्या. निदान तो प्रकाश कसला होता, हे तरी कोणी सांगावे.

बी-१०१, ८.१४
काकू, तो उल्कापात होता. कृपया घबराट पसरवू नये.

सी-३०३ (सर), ८.३१
सविनय असहमत आहे. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि बहुधा क्षणार्धात विझते. आपण पाहिलेले तुकडे मागे शेपट्या सोडत, रांगेने, पश्चिमेकडून पूर्वेकडे इतके सावकाश गेले की, दाराशी अडकलेली चप्पल सोडवून मी कठड्यापाशी पोहोचलो तरी ते दिसतच होते. कक्षेतून उतरणारा रॉकेटचा भाग सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेगाने, अगदी तिरपा शिरतो, म्हणून लांबवर जळत जातो.

ए-२०१, ८.३३
सर, गच्चीवर चप्पल न घालण्याचा ठराव आपणच मांडला होता.

ए-४०२, ८.३४
कुरडया दाराशीच होत्या, एवढेच नमूद करते.

बी-१०१, ८.४०
विषयांतर नको. उल्काच होती.

सी-३०३, ८.४१
उल्का क्षणार्धात विझते, हे पुन्हा लिहितो. कोणाकडे चित्रफीत असल्यास टाकावी, म्हणजे सेकंद मोजता येतील.

बी-२०४, ९.०५
टाकली आहे. सुरुवातीचा हललेला भाग कापला आहे.

३ एप्रिल २०२२

बी-२०४, सकाळी ११.२०
चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, सुमारे ३ मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले असून पवनपारजवळ एक गोळाही सापडला आहे. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते, फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या ‘चँग झेंग ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा काल वातावरणात परतला.

सी-३०३, ११.२४
असे गोळे म्हणजे उच्च दाबाच्या वायूच्या टाक्या असतात. दाब सोसण्यासाठीच घडवलेल्या असल्याने बाकीचा सांगाडा जळाला तरी त्या पुष्कळदा जमिनीपर्यंत पोहोचतात. उल्केला कडी नसतात.

बी-१०१, ११.३०
मला ‘उल्केसारखे काहीतरी’ असे म्हणायचे होते.

ए-४०२, ११.३३
रॉकेटचा उलगडा झाला, आनंद आहे. आता बी-२०४ यांनी चित्रफितीचा कापलेला भागही टाकावा, ही नम्र विनंती.

बी-२०४, ११.५०
काकू, तो भाग पुसला गेला आहे.

ए-२०१, ११.५१
सर, आपण काल कोणती चप्पल घातली होती?