आज्या जात्यावर दळायच्या हे पालुपद आता पुरे

रानजाई:
काल आमच्या ग्रुपवर पोस्ट आली. आपल्या आज्या जात्यावर दळायच्या, विहिरीचं पाणी शेंदायच्या म्हणून सडसडीत होत्या, आताच्या बायका मिक्सर आणि कामवालीमुळे सुटल्यात. लिहिणारा बाप्या, खाली अंगठे मात्र बायकांचेच. संताप झाला म्हणून इथे लिहितेय. कामं कमी झालीत कुठे? सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामात बाईची रोजची 299 मिनिटं जातात, पुरुषाची 97. पण हे काम ओट्याशी उभं राहून करायचं, त्याने पाय दुखतात, स्नायू वाढत नाहीत. स्नायूंना प्रथिनं लागतात, तर वरणातली डाळ पोरांच्या ताटात, आईला वरचं पाणी आणि उरलेली पोळी. आणि आजी बारीक होती ती सगळ्यांत शेवटी जेवायची म्हणूनही होती हो! बारीक म्हणजे निरोगी नव्हे, पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक किती वर्षं सांगतायत. 2004 साली त्यांनी स्वतःची आणि एका ब्रिटिश डॉक्टरांची तुलना छापली, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच 22.3, पण अंगात चरबी याज्ञिकांच्या 21 टक्के, ब्रिटिश डॉक्टरांच्या 9. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 54 टक्के बायकांना ॲनिमिया, म्हणजे रक्त कमी होतं आणि 23 टक्के जाड होत्या, कमी-जास्त दोन्ही एकाच राज्यात, त्याचं काय?

पेठकर:
ताई, आकडे ठीक, पण पोस्ट अगदीच खोटी नाही. आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर जायला लिफ्टची वाट बघतात. आणि ते उपवास! सोमवार, गुरुवार, चतुर्थी, आणि प्रत्येक वेळी वाडगाभर साबुदाण्याची खिचडी वर बटाट्याचा कीस. वजन वाढणारच.

कृष्णाकाठ:
उपवासावर घसरायचं काय कारण? माझ्या सासूबाईंनी जन्मभर सोमवार केले, ऐंशीच्या पुढे आहेत, शुगर नाही, बीपी नाही, अजून शेतावर जाऊन येतात. सगळं आमच्या देवाधर्मावर ढकलायचं ही फॅशन झालीय.

रानजाई:
सासूबाई शेतावर जातात हेच तर कारण आहे ना! साबुदाणा म्हणजे नुसतं पिष्ट, प्रथिनं नावालाही नाहीत, खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटात.

कृष्णाकाठ:
आम्ही वरीचा भात आणि दाण्याची आमटी खातो. खिचडी तुम्हा शहरवाल्यांची, स्वतःचं बघून आम्हाला शिकवू नका.

डोंबिवली_फास्ट:
साबुदाणा सोडा हो जरा. मी पहाटे उठून डबे करते, गर्दीत उभ्याने जाते, रात्री आल्यावर परत कुकर. झोप साडेपाच तास. पेठकर काका म्हणतील चालायला जा, कधी जाऊ? मागे रात्रीचं जेवण बंद करून बघितलं, वजन उतरलं पण केस गळायला लागले, स्टेशनच्या पुलावर डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग मैत्रिणीच्या आग्रहाने घरीच डंबेल्स, आठवड्यातून दोनदा, आणि दोन्ही जेवणांत अंडं नाहीतर मूठभर मोड. काटा हललाच नाही, ड्रेस मात्र कमरेला सैल झाले आणि पूल न थांबता चढते. पण हे जमलं कधी, तर नवऱ्याने रात्रीची भांडी अंगावर घेतली तेव्हा. ते कुठल्या पोस्टमध्ये लिहीत नाहीत.

पेठकर:
भांड्यांचा मुद्दा पटला, 299 आणि 97 चं उत्तर माझ्याकडे नाही. पण लिफ्टचं मत मी बदलणार नाही, दोन मजल्यांना वेळ लागत नाही. आणि साबुदाण्याचंही नाही.

कृष्णाकाठ:
परत साबुदाणा! वरीला प्रथिनं आहेत की नाहीत ते सांगा आधी.

रानजाई:
आहेत, साबुदाण्यापेक्षा कितीतरी जास्त. पण सोमवारी आमटी घट्ट करा, ताकाऐवजी वाटीभर दही घ्या, आणि सासूबाईंच्या आधी नाही तरी त्यांच्याबरोबर जेवायला बसा. माझी आई सगळ्यांचं आटपेपर्यंत बसायचीच नाही, साठीत मांडी घालून खाली बसली की हाताला धरून उठवावं लागायचं.

कृष्णाकाठ:
बरोबरच बसतो आम्ही. दह्याचं बघते.