सोन्याच्या स्टुलासाठी युद्ध?

प्रश्न: 1900 साली घानात एका सोन्याच्या स्टुलावरून इंग्रजांशी युद्ध झालं आणि पुढारी एक म्हातारी बाई होती म्हणे, खरंय का?

– खरंय. तिचं नाव ‘या असांतेवा’, असांते राज्यातल्या एजिसू गावची राजमाता. राजा प्रेम्पेला इंग्रजांनी 1896 लाच उचलून नेलेलं, वर इंग्रज गव्हर्नर हॉजसन राजधानी कुमासीत येऊन म्हणतो ते स्टूल आणा, मी बसतो. अरे बाबा त्यावर राजासुद्धा बसत नाही, अख्ख्या असांते लोकांचा आत्मा त्यात आहे अशी श्रद्धा! मग काय, कुमासीतल्या इंग्रजांच्या किल्ल्याला असांतेंचा वेढाच पडला.

– पण शेवटी हरलेच ना?

– हो, बाईंना सेशेल्स बेटांवर धाडलं, 1921 ला तिथंच वारल्या, प्रेम्पे 1924 ला परत आला. स्टूल मात्र इंग्रजांना मिळालंच नाही, पुरून ठेवलेलं.