राणी बदलू की माश्यांवर सोडू? मदत हवी आहे

मंडळी, मेलिफेराची (पाळीव मधमाश्यांची एक जात) एक पेटी आहे, आधी नुसती उतू जायची, आता माश्या दिवसेंदिवस कमी होत चालल्यात. राणी दिसते, फिरते, पण ब्रूडची (अंडी-अळ्या-कोषांची) फ्रेम, म्हणजे पोळ्याची चौकट, उचलली की सगळं विस्कटलेलं, पोळ्यातलं एक घर भरलेलं की बाजूची चार रिकामी, आणि जी बंद झालीयेत त्यातल्या बऱ्याच घरांची झाकणं घुमटासारखी वर आलेली, म्हणजे कामकरी माशीच्या घरात नर वाढतायत. अंडं मात्र घरात एकेकच आणि बरोब्बर तळाशी, त्यामुळे कामकऱ्यांनी अंडी घालायला घेतलंय असं वाटत नाही. अळ्या पांढऱ्याशुभ्र, वास नाही, मध-पराग पण आहे.

एका फ्रेमच्या मधोमध दोन राणीघरं (नवी राणी वाढवायची घरं) लोंबतायत, खालच्या कडेला एकही नाही, म्हणजे वसाहत फुटायची तयारी नसून त्यांनाच ही राणी नकोय बहुतेक. त्यांच्यावर सोडू का जुनीला काढून विकतची राणी देऊ? आणि राणी नरच घालतेय तर त्या राणीघरांत तरी काय असणार? शेजारी एक दणकट पेटी आहे, तिच्यातली फ्रेम देता येईल.

प्रतिसाद:
शंका बरोबर आहे तुमची. राणीच्या पोटातले शुक्राणू संपत आले की अंडं फळत नाही, त्यातून नरच होतो, आणि माश्या बिचाऱ्या त्याच्यावरही राणीघर बांधून बसतात. सपाट झाकणाचं, म्हणजे कामकऱ्यांचं, ब्रूड बऱ्यापैकी असेल तरच त्या घरांची आशा धरा.

दणकट पेटीतली फ्रेम द्याच, पण नुसती अंड्यांची नको, बंद ब्रूडची पण द्या, आणि तिकडची राणी चुकून सोबत येत नाहीये ना ते बघा. कारण लहान अळीपासून राणी निघायला साधारण 12 दिवस, मग मीलन होऊन अंडी पडेपर्यंत आणखी दोनेक आठवडे, मग कामकरी निघायला 21 दिवस, आणि हंगामात कामकरी जगते जेमतेम सहा आठवडे, म्हणजे नवीन येईस्तोवर आत्ताच्या बहुतेक संपलेल्या असणार. म्हणून मी तरी मीलन झालेली राणीच आणेन. आधी जुनी काढा, राणीघरं झाडून सगळी मोडा, मग पिंजऱ्यातून द्या, आणि माश्या जाळीला घट्ट चिकटून चावत असतील तर अजिबात सोडू नका, बोटाने सहज बाजूला होईपर्यंत थांबा.

माश्या किती फ्रेम झाकतायत ते लिहा आधी. एक-दोनच असतील तर राणीवर पैसे घालू नका, जुनी काढा आणि मध्ये भोकं पाडलेला पेपर ठेवून दणकट पेटीलाच जोडून टाका.