मदत हवी आहे : उसाच्या रानात तेलशोधाचा सर्व्हे, सही करण्याआधी काय लिहून घ्यावं?

मंडळी, नमस्कार. आमचं रान करवीर तालुक्यात, भोगावतीकाठी. गेल्या आठवड्यात एका कंपनीची माणसं बांधावर लाल झेंडे रोवून गेली. तेल-वायूच्या शोधासाठी सर्व्हे आहे म्हणे. ठरावीक अंतरावर बोअर मारून खाली दारू उडवायची आणि जमिनीवर मांडलेल्या जिओफोनवर हादरे टिपायचे.

एक झेंडा आमच्या विहिरीपासून ६० फुटांवर आहे. विहीर आजोबांनी पाडलेली, बांधकाम नुसत्या दगडाचं, चुना-सिमेंट काही नाही. त्याच बांधाखालून पाणीपुरवठा संस्थेची पाईपलाईन जाते. ती फुटली तर आमच्या पुढच्या सगळ्या रानांचं पाणी बंद. आडसाली ऊस कमरेच्या वर गेलाय, मशीन आत घ्यायचं तर सऱ्या मोडणारच. आबा तोंडी ‘या’ म्हणून बसलेत आणि परवा ती माणसं सहीला येणार. कागदावर नुकसानीबद्दल एकच ओळ आहे, ‘नियमानुसार भरपाई’.

गावात चर्चा, तेल लागलं तर सोनं होईल. पण जमिनीखालचं तेल शेतकऱ्याचं नसतं, सरकारचं असतं, एवढं मला कळतं. आसामात बागजानची तेल-वायूची विहीर मे २०२० मध्ये फुटली, जूनमध्ये पेटली आणि नोव्हेंबरात कुठं आटोक्यात आली. ते वाचल्यापासून झोप नाही. कुणाच्या रानात असा सर्व्हे झालाय का? काय लिहून घेतलंत?

प्रतिसाद : दादा, बागजानची भीती आत्ता बाजूला ठेवा. ती चालू उत्पादनाची विहीर होती, तुमच्याकडे फक्त हादरे मोजणार. कोयना भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी ३ किमी खोल बोअर मारलं, तेव्हा साधारण १,२५० मीटर काळा दगड (बेसॉल्ट) लागला आणि खाली थेट ग्रॅनाइट. तेल मुख्यतः गाळाच्या खडकांत सापडतं. ते काळ्या दगडाखाली आहेत का, हेच असल्या सर्व्हेत बघतात.

विहिरीचं मात्र मनावर घ्या. झेंडा सरकवता येतो, तसं लेखी मागा. सहीआधी विहिरीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, पाण्याची पातळी मोजून ठेवा. पाईपलाईनचं पत्र संस्थेच्या लेटरहेडवर जाऊ दे, एकट्या आबांच्या नावानं नको. मोडलेल्या सऱ्यांचा पंचनामा त्याच दिवशी व्हावा, बोअर बुजवून द्यावं आणि संमती फक्त या सर्व्हेपुरती आहे, हे कागदावर आलंच पाहिजे.

धागाकर्ता : आभारी आहे. संस्थेच्या चेअरमनना आज संध्याकाळीच गाठतो. झेंडा किती लांब न्यायला सांगू?