जैसलमेर : किल्ला आणि उंटाची फेरी यांपलीकडे चार दिवस कसे घालवावेत?

कोथरूडकर (प्रश्न)

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण जैसलमेरला जाणार आहोत. आम्ही दोघे, बारा वर्षांची मुलगी आणि माझे आईवडील. आईला गुडघेदुखीमुळे फार चढउतार झेपत नाही. वडिलांना 1971 च्या युद्धाविषयी पहिल्यापासून आस्था आहे, आणि मुलीला गेल्या वर्षभरात पक्षिनिरीक्षणाचा नाद लागला आहे. ज्या ज्या सहल कंपन्यांकडे चौकशी केली, त्या सर्वांनी जवळपास एकच कार्यक्रम पुढे ठेवला : दुपारी किल्ला, संध्याकाळी समच्या वाळूत उंटावरची फेरी, रात्री तंबूत नाचगाणे आणि दुसऱ्या दिवशी परत जोधपूर. आमच्याकडे पूर्ण चार दिवस आहेत, त्यामुळे इतकी घाई करण्याचे कारण नाही. किल्ल्याच्या आत मुक्काम करावा की खाली गावात? समला रात्री राहणे योग्य ठरेल का? पायी हिंडण्यासारखे आणि पक्षी पाहण्यासारखे गावाच्या आसपास काय आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चिरेबंदी

मुक्काम गावातच करावा, किल्ल्यात करू नये. आपल्या मातोश्रींचे गुडघे हे एक कारण झाले, पण त्याहून मोठे कारण किल्ल्याच्या पायाशी निगडित आहे. रावळ जैसल यांनी 1156 मध्ये त्रिकूट टेकडीवर वसवलेला हा किल्ला अजूनही नांदता आहे. आत घरे आहेत, दुकाने आहेत, मंदिरे आहेत. मात्र पाणी खालच्या गडीसर तलावातून डोक्यावर वाहून आणायचे आणि जपून वापरायचे, हा हिशेब धरूनच तो बांधला गेला होता. नळ आल्यावर आणि त्यामागोमाग हॉटेले वाढल्यावर सांडपाणी अनेक पटींनी वाढले, ते वाहून नेणे जुन्या गटारांना जमेना, आणि टेकडीत मुरलेल्या पाण्याने वालुकाश्माखालचे ठिसूळ, मातकट थर सैल होऊ लागले. गेल्या काही दशकांत तटाचे काही बुरूज ढासळले, आणि धोक्यात असलेल्या वास्तूंच्या जागतिक यादीतही या किल्ल्याचे नाव लागले. 2013 मध्ये राजस्थानच्या इतर पाच गिरिदुर्गांसह त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली असली, तरी पाण्याचा प्रश्न त्यामुळे सुटलेला नाही. खालच्या एखाद्या हवेलीवजा हॉटेलच्या गच्चीवरून किल्ला अधिक चांगला दिसतो, हा फायदा वेगळाच.

किल्ला पाहण्याचा क्रम उलटा ठेवावा. सकाळी लवकर रिक्षाने वर दशहरा चौकापर्यंत जावे आणि हवा पोळ, गणेश पोळ, सूरज पोळ, अखै पोळ अशा चार दरवाजांतून सावकाश उतरत यावे, म्हणजे चढ टळतो. फरसबंदी शतकानुशतकांच्या वापराने गुळगुळीत झाली आहे, म्हणून आईंच्या पायांत रबरी तळव्यांचे बूट असावेत. आतली जैन मंदिरे बहुतांशी पंधराव्या शतकाच्या आसपासची आहेत. बाहेरच्या पर्यटकांना तिथे साधारणपणे सकाळीच प्रवेश मिळतो आणि कातडी वस्तू आत नेता येत नाहीत. दुपारी पोहोचणाऱ्या सहलींची नेमकी हीच मंदिरे हुकतात.

हवेल्यांपैकी पटवांच्या पाच हवेल्या सर्वांत प्रसिद्ध आहेत आणि तिथली गर्दीही त्याच मानाने असते. माझे मत विचाराल तर वेळ नथमलजींच्या हवेलीसमोर घालवावा. एकोणिसाव्या शतकातील ही हवेली हाथी आणि लालू या दोन कारागीर भावांनी घडवली. एकाने डावी बाजू कोरली आणि दुसऱ्याने उजवी, असे सांगतात. दारातले दोन दगडी हत्ती ओलांडण्यापूर्वी थोडे मागे सरून दर्शनी भाग निरखावा. लांबून दोन्ही बाजू सारख्या वाटतात, पण जवळ जाऊन एकेक झरोका जोडीने पाहू लागलो की वेलबुट्टी, महिरपी आणि पानाफुलांचे तपशील वेगळे निघतात. आपल्या मुलीला हे फरक शोधायला सांगावे, तिचा तास सहज जाईल.

माळरान

मुलीला पक्ष्यांचा नाद आहे हे वाचून आनंद झाला. थरमध्ये डिसेंबर म्हणजे शिकारी पक्ष्यांचा आणि करकोच्यांचा हंगाम. पहिली सकाळ गडीसर तलावाकाठी घालवावी. चौदाव्या शतकापासून या तलावाने गावाची तहान भागवली. आता तिथे होड्या चालतात, पण ऊन वर येण्याआधी काठच्या दगडी छत्र्यांच्या (खांबांवरच्या घुमटीवजा मंडपांच्या) आसपास पाणपक्षी निवांत असतात आणि वाट सपाट असल्याने आईंनाही चालता येईल.

त्यानंतर मात्र गावाबाहेर पडावे. बहुतेक लोक वाळवंट म्हणजे वाळूच्या टेकड्या असे धरून चालतात. प्रत्यक्षात जैसलमेरच्या आसपासचा मोठा भाग खडकाळ माळ आणि गवताळ पठार यांचा आहे, आणि जीवसृष्टी त्यावरच अधिक आहे. 3,162 चौरस किलोमीटरचे मरू राष्ट्रीय उद्यान याच टापूत, जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. सोलापूरजवळच्या नान्नजमध्ये जो माळढोक आता जवळजवळ दिसेनासा झाला, त्याची देशात उरलेली बहुतेक संख्या इथेच आहे. उद्यानातल्या सुदासरीच्या कुंपणबंद क्षेत्रात जाण्यासाठी जैसलमेरच्या वन विभागाच्या कार्यालयातून परवाना घ्यावा लागतो. तो आदल्या दिवशीच काढून ठेवावा आणि स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावा. माळढोक दिसेलच असे गृहीत धरू नये. न दिसल्यास चिंकारा, वाळवंटी कोल्हा, गिधाडे, भाट तितर आणि बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलेला सांडा यांपैकी काही ना काही पदरात पडतेच. माळढोक उंच तारांना धडकून मरतात आणि तारांचा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. वाटेतल्या पवनचक्क्या आणि वीजवाहिन्या पाहताना मुलीला हेही सांगावे.

दुसरी एक जागा कोणत्याही सहलीत नसते, ती म्हणजे खडीन, अर्थात बांधाआड पावसाचे पाणी अडवून पिकवलेले शेत. कुलधरा गाव पालीवाल ब्राह्मणांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस सोडले आणि दिवाण सालिमसिंहाच्या जाचाची कथा तिथला प्रत्येक वाटाड्या रंगवून सांगतो. भुताखेतांचे नाव काढून पर्यटकांना घाबरवण्याचा धंदाही त्यावर उभा राहिला आहे, तिकडे दुर्लक्ष करावे. पालीवालांचे खरे कर्तृत्व त्यांच्या शेतीत होते. खडकाळ उताराच्या पायथ्याशी ते लांबच लांब मातीचा बांध घालत. वर पडलेला तुटपुंजा पाऊस खडकावरून वाहत येऊन बांधाआड साचत असे आणि ते पाणी जमिनीत मुरल्यावर उरलेल्या ओलीवर गहू आणि हरभरा पेरला जाई. विहिरीचे पाणी न देता वाळवंटात गहू! अशी खडीने आजही पिकतात. पाऊस बरा झालेल्या वर्षी डिसेंबरात पिवळ्या माळाच्या मधोमध हिरवा पट्टा दिसतो आणि पक्षीही तिथेच गोळा होतात. कुलधऱ्याहून पुढे खाभा किल्ल्याकडे जाताना वाहनचालकाला खडीन दाखवायला सांगावे. बांधावरून चालायला हरकत नसते, मात्र पिकात पाय टाकू नये. खाभ्याला सकाळी मोर भरपूर दिसतात.

सातारकर

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, परंतु समला जाऊच नये असा सूर निघत असेल तर तो मला पटत नाही. बारा वर्षांच्या मुलीला वाळूची टेकडी चढून धावत उतरण्याची मजा मिळालीच पाहिजे, मग तिने कितीही पक्षी पाहिलेले असोत. रात्रीचा मुक्काम तिथे करावा की नाही, एवढाच वादाचा मुद्दा आहे.

वडिलांसाठी एक संपूर्ण दिवस तनोट आणि लोंगेवाला यांसाठी राखून ठेवावा. तनोट जैसलमेरहून सुमारे 120 किलोमीटर आहे. तिथल्या मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहते आणि 1965 च्या युद्धात मंदिराच्या आवारात पडूनही न फुटलेले तोफगोळे तिथे मांडून ठेवले आहेत. परतताना लोंगेवाल्याची चौकी लागते. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री पाकिस्तानी रणगाड्यांची रांग या चौकीवर चालून आली, तेव्हा मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्याबरोबर पंजाब रेजिमेंटच्या 23 व्या बटालियनची एक कंपनी तेवढी होती. रात्री उड्डाण करता न येणारी हंटर विमाने जैसलमेरच्या तळावरून पहाटेच्या उजेडात निघाली, आणि वाळूत अडखळलेल्या रणगाड्यांना उघड्यावर लपायला जागाच उरली नाही. मोकळ्या मैदानात उभे राहिले की ही लढाई पुस्तकापेक्षा चटकन समजते. सकाळी लवकर निघावे आणि गाडीच्या टाकीत इंधन पुरेसे असल्याची खात्री करावी. ओळखपत्रे सर्वांची जवळ ठेवावीत, कारण हा सीमाभाग आहे. वडिलांचा उत्साह टिकला तर जोधपूर रस्त्यावरचे युद्धसंग्रहालयही येताजाता पाहता येईल.

कोथरूडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तनोटचा दिवस वडिलांनी आताच नक्की करून टाकला आहे. दोन शंका उरल्या आहेत. सम आणि खुहडी यांपैकी कुठे जावे, आणि आईला उंटावर बसणे शक्य नसल्याने तिच्यासाठी काही सोय होईल का? दुसरे असे की डिसेंबरातील थंडी ज्येष्ठांना कितपत सोसवेल?

पायवाट

माझे वास्तव्य नोकरीनिमित्त जोधपूरला असल्याने पुण्या-मुंबईचे पाहुणे घेऊन जैसलमेरला वरचेवर जावे लागते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सम हे जैसलमेरपासून सुमारे 40 किलोमीटर पश्चिमेला आहे. टेकड्या मोठ्या आहेत, पण डिसेंबरच्या सुट्ट्यांत तिथे जीपगाड्यांची घरघर, ध्वनिवर्धकांवरची चित्रपटगीते आणि तंबूंची गर्दी असते. खुहडी नैर्ऋत्येला आहे. तिथल्या टेकड्या तुलनेने लहान आहेत, परंतु गाव खरोखरीचे गाव आहे आणि मातीच्या घरांत राहण्याची सोय होते. आपल्या मंडळींसाठी मी खुहडी सुचवीन. उंटाची फेरी सूर्यास्ताच्या दीड तास आधी घ्यावी. उंट उठताना मागचे पाय आधी सरळ करतो, त्यामुळे बसणारा पुढे झोकला जातो. त्या क्षणी मुलीने खोगिराची मूठ घट्ट धरून मागे रेलावे, आणि उंट बसताना पुन्हा तसेच करावे, कारण तेव्हा तो पुढचे गुडघे आधी टेकतो. आईंसाठी उंटगाडी मिळते. रबरी टायरांची असल्याने ती कडक वाटेवर फारशी हादरत नाही. भाडे, वेळ आणि परतीची जागा हे तिन्ही निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

नाचगाण्याविषयी एक सूचना. मांगणियार या पिढीजात गायक समाजातील कलावंतांचे गाणे ऐकायचे असेल तर ध्वनिवर्धक असलेला मंच टाळावा. घराच्या अंगणात कमायचा (गजाने वाजवायचे तंतुवाद्य) आणि खडताल (लाकडी पट्ट्यांचे तालवाद्य) यांच्या साथीने बसून गाणारे कलावंत यजमानांना सांगितल्यास येतात. त्यांचे मानधन थेट त्यांच्याच हाती द्यावे.

थंडीबाबत काळजी करण्याचे कारण नाही, पण तयारी हवी. दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो, आणि सूर्य मावळताच वाळू झपाट्याने गार होते. उघड्यावर पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंतही उतरू शकतो. म्हणून रात्र उघड्या वाळूवर न काढता खोलीत काढावी आणि चांदण्या पाहायला जेवणानंतर शाली पांघरून तासभर बाहेर बसावे. आपण जाण्याच्या तारखांना अमावास्या जवळ असेल तर आकाशगंगा स्पष्ट दिसते, तेव्हा आरक्षणापूर्वी कालनिर्णय उघडून पाहावे. जेवणात कैर-सांगरी आणि बाजरीचा सोगरा आवर्जून घ्यावा. सोगरा आपल्या भाकरीपेक्षा जाड असतो आणि तुपाशिवाय वाढला जात नाही. गावातले घोटुवां लाडू प्रवासात टिकतात.

अकलचे जीवाश्म उद्यान बाडमेर रस्त्यावर 17 किलोमीटरवर आहे. सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे दगड झालेले ओंडके तिथे जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवले आहेत. दिसायला ते साधे आहे, तासाभरात पाहून होते, आणि खुहडीला निघण्यापूर्वी उरकता येते. बडा बागेतल्या राजघराण्याच्या स्मारक-छत्र्यांसाठी एखादी संध्याकाळ पुरेशी आहे. लोद्रव्याचे जैन मंदिर सुंदर असले, तरी किल्ल्यातली मंदिरे पाहिल्यावर वेळ नसेल तर वगळले तरी चालेल.

जोधपूरहून मोटारीने येणार असाल तर मात्र फलोदीजवळचे खीचन वगळू नये. हिवाळ्यात तिथे हजारो करकोचे उतरतात आणि गावकरी त्यांच्यासाठी रोज सकाळी धान्य टाकतात. ते पाहायचे तर आदल्या रात्री फलोदीत राहून उजाडताच चुग्गाघराशेजारच्या (जिथे धान्य टाकतात त्या आवाराशेजारच्या) एखाद्या गच्चीवर पोहोचावे लागते. पोकरणमार्गे येणाऱ्या नेहमीच्या रस्त्यापेक्षा हा थोडा वळसा आहे, पण आपल्या मुलीच्या दृष्टीने सुदासरीपेक्षा इथेच खात्री अधिक आहे.

माळरान

खीचनला माझेही अनुमोदन. परवान्याबाबत एक गोष्ट लिहायची राहिली. वन विभागाचे कार्यालय सुट्टीच्या दिवशी बंद असते, तेव्हा आपण शनिवारी पोहोचणार असाल तर रविवारी तनोट आणि लोंगेवाला करावे, सोमवारी परवाना काढून किल्ला आणि हवेल्या पाहाव्यात आणि मंगळवारी पहाटे सुदासरी गाठून तिथूनच दुपारपर्यंत खुहडीला जावे. या क्रमात अकल मागे पडेल, ते बुधवारी परतीच्या वाटेवर घ्यावे. दुर्बीण मुलीच्या गळ्यात राहील इतकी हलकी असावी, आणि सुदासरीला शक्यतो मातकट रंगाचे कपडे घालावेत.