८ जीबीच्या लॅपटॉपवर क्यूब्स आणि व्हीपीएसवर ओपनबीएसडी: जमेल का?

बंद_पोर्ट: लॅपटॉपवर नेटबँकिंग, मेल आणि अनोळखी लोकांकडून आलेल्या पीडीएफ. व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) पीएचपी आणि मारियाडीबी डेटाबेसची साइट. सध्या दोन्हीकडे डेबियन लिनक्स. सुरक्षेसाठी लॅपटॉपवर क्यूब्स (कामं वेगवेगळ्या व्हीएममध्ये, म्हणजे आभासी मशीनमध्ये, विभागणारी ओएस) आणि व्हीपीएसवर ओपनबीएसडी (सुरक्षेवर भर देणारी ओएस) घालू, की आहे तेच कडक करू?

तिसरा_थर: लॅपटॉपपुरतं बोलतो. क्यूब्स किमान ६ जीबी मागतं, पण सोयीचं काम १६ वर. नेट, फायरवॉल आणि यूएसबीची वेगळी व्हीएम सतत चालू असतात, त्यावर डॉम० (सगळी व्हीएम सांभाळणारा मुख्य भाग). उरलेल्या रॅममध्ये ब्राउझर धापा टाकतो. बायॉसमध्ये व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी (व्हीएमसाठी लागणाऱ्या हार्डवेअरच्या सोयी) दोन्ही चालू हवेत. कीबोर्ड यूएसबीचा असेल तर इन्स्टॉल करताना यूएसबी क्यूबचा (क्यूब म्हणजे क्यूब्समधलं एक व्हीएम) पर्याय नीट वाचा. यूएसबी कंट्रोलर डॉम०पासून लपवले गेले, की बूट होताना डिस्कचा पासवर्डच टाइप करता येत नाही. व्हिडिओचा भारही सीपीयूवरच पडतो.

पीडीएफसाठी मात्र क्यूब्ससारखं दुसरं काही नाही. राइट क्लिक करून फाइल 'ट्रस्टेड पीडीएफ' केली की प्रत्येक पानाचं चित्र होतं. आत काही दडलेलं असलं तरी चित्राबरोबर येत नाही (मजकूर सिलेक्ट करता येत नाही, ही किंमत). पण मेल आणि बँक एकाच क्यूबमध्ये उघडणार असाल तर एवढा खटाटोप कशाला?

८ जीबीतच भागवायचं असेल तर डेबियनवर व्हर्ट-मॅनेजरमध्ये (व्हीएम चालवायचं साधन) २ जीबीचं व्हीएम करा, त्याचं नेटवर्क कार्डच काढून टाका आणि काम झालं की जुन्या स्नॅपशॉटवर (आधी जतन केलेल्या स्थितीवर) परत जा.

पीएफ_भक्त: सर्व्हरला ओपनबीएसडी चालेल, पण पीएचपी /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू मध्ये क्रूट होऊन (त्या फोल्डरबाहेरचं काही न दिसता) चालतं, आणि पहिल्या दिवशी सगळे इथेच अडकतात. डेटाबेसचा पत्ता 'लोकलहोस्ट' दिलात तर पीएचपी सॉकेट (डेटाबेसशी जोडणारा फाइलसारखा दुवा) शोधतं, आणि तो क्रूटच्या बाहेर असतो. १२७.०.०.१ द्या. बाहेरच्या एपीआयला नावाने जोडायचं तर रिझॉल्व्ह.कॉन्फ (नावावरून पत्ता कुठे विचारायचा ते सांगणारी फाइल) आणि सर्टिफिकेटची फाइल क्रूटच्या आतल्या ईटीसीत कॉपी करा. मेल() फंक्शनला शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) लागतो, तो आत नसतो. मेल एसएमटीपीने पाठवा.

बंद_पोर्ट: सिसपॅच (ओपनबीएसडीची पॅच लावणारी कमांड) चालवलं की पीएचपीही अपडेट होतं ना?

पीएफ_भक्त: नाही. सिसपॅच फक्त बेसचं, म्हणजे मूळ ओएसचं. पीएचपी आणि मारियाडीबीसाठी 'पीकेजी_ॲड -यू' वेगळं, आणि त्यानंतर सेवा रीस्टार्ट.

जुनाच_कर्नल: माझं मत उलटं. ओपनबीएसडीची आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि पॅच फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांना मिळतात, म्हणजे वर्षभर दुर्लक्ष केलंत की उघड्यावर. डेबियनला एलटीएस (वाढीव मुदतीचा सपोर्ट) धरून पाच वर्षं मिळतात. शिवाय ओपनबीएसडीच्या फाइलसिस्टमला जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) नाही. व्हीपीएस अचानक बंद पडलं आणि एफएससीके (डिस्कची तपासणी) अडलं, तर मशीन सिंगल-युजरमध्ये (फक्त दुरुस्तीसाठीच्या मोडमध्ये) थांबतं. होस्टिंगवाल्याकडे कन्सोल (नेटवर्क नसतानाही मशीनच्या स्क्रीनपर्यंत पोचायची सोय) आहे का ते आधी बघा.

डेबियनवर अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपडेट) लावा, सोबत नीडरीस्टार्ट (अपडेटनंतर कोणत्या सेवा रीस्टार्ट करायच्या ते पाहणारं साधन), नाहीतर जुनी लायब्ररी मेमरीत तशीच राहते. एसएसएचला (दुरून लॉगिन) पासवर्ड नको, फक्त की-फाइल. डॉकर (ॲप कंटेनरमध्ये चालवणारं साधन) असेल तर यूएफडब्ल्यूवर (फायरवॉलवर) विसंबू नका: डॉकर आपले नियम स्वतः घालतो आणि पब्लिश केलेलं पोर्ट यूएफडब्ल्यूला बगल देऊन बाहेर उघडतं. पोर्ट १२७.०.०.१ ला बांधा. आणि साइटच्या पीएचपी कोडमध्येच एसक्यूएल इंजेक्शन (फॉर्ममधून डेटाबेसला घातक आदेश घुसवता येण्याची चूक) असेल, तर खाली कुठलीही ओएस असो, डेटा जाणारच. मी आधी तो कोड तपासला असता.

पीएफ_भक्त: सहा महिन्यांचं खरं आहे. सिसअपग्रेड (नव्या आवृत्तीवर नेणारी कमांड), मग पीकेजी_ॲड. कॅलेंडरवर टाकणार नसाल तर डेबियनवरच राहा.